थोमाईने मारलेला शिक्का

थोमाईमावशी,

तुला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याने वाचून दाखवलेलं तुला खरं वाटत नसे, तेव्हा हे पत्र तुला लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. शिवाय तुला जाऊनही पन्नासच्या वर वर्षं झाली. तरी सुरुवात तुझ्यापासून करते, कारण तुझी परवानगी घ्यायची राहिली. 'मी मेले तरी कुणाला सांगू नकोस गं, हे लोक मेलेल्यालाही सोडत नाहीत,' असं तू मला बजावलं होतंस. ते लोक आता गेले. राजा गेला, त्याच्यामागून आलेले राजे गेले, राजांना हाकलणारे गेले, आणि ज्या आर्गिरिसचं नुसतं नाव काढलं की तू दार लावून घ्यायचीस, तो म्हातारपणी दात पडून, पेज पीत लेकीच्या घरी मेला. आता धरणारं-सोडणारं कुणी उरलेलं नाही. तेव्हा सांगून टाकते. तुला उगाच देवमाणूस करणार नाही. तू चिकट होतीस, हट्टी होतीस, आणि माझ्या आईशी, म्हणजे सख्ख्या धाकट्या बहिणीशी, एका तांब्याच्या घंगाळावरून चार वर्षं बोलली नव्हतीस. पण एकोणीसशे सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तू जे केलंस ते आपल्या डोंगरात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

त्या वर्षी थोमाई अडतीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. नवरा झीसिस तीन खेचरं हाकायचा. करिदोराखी या आमच्या ग्रीसमधल्या डोंगरगावाहून लोकर आणि अक्रोड खाली मैदानात न्यायचे, खालून मीठ, तेल आणि घासलेट वर आणायचं, हा त्याचा धंदा. माणूस असा, की खेचरांशी दिवसभर बोलेल आणि बायकोशी संध्याकाळी दोन शब्द. राजकारण म्हणजे त्याच्या लेखी रस्ता उघडा आहे की बंद, एवढंच. थोमाई घरी माग चालवायची, आणि वरच्या आळीतले देवाचे पाव, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेचे, तिच्याच हातचे असत. पांढऱ्या पिठाचा गोल पाव, भट्टीत घालण्यापूर्वी त्यावर लाकडी शिक्का दाबायचा. मधे क्रूस आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत अक्षरं: येशू ख्रिस्त जिंकतो. तिचा शिक्का सासूकडून आलेला, दोन तोंडांचा. एक तोंड तळहाताएवढं, रविवारच्या पावाचं. मुठीच्या टोकाला दुसरं, नाण्याएवढं, सणासुदीच्या लहान पावांसाठी.

ती मुळात भित्री नव्हती. महायुद्धात इटालियनांनी गाव जाळलं तेव्हा जळत्या घरात परत शिरून मागाची फणी घेऊन बाहेर आलेली बाई ती. पण तेव्हाची भीती वेगळी होती, ती म्हणायची. परका आला की रानात पळायचं. आपलाच माणूस दारात आला तर पळायचं कुठं?

मार्चअखेर निवडणूक झाली होती. डाव्यांनी आपल्या लोकांना सांगितलं होतं, मत देऊ नका, घरी बसा. झीसिस काही घरी बसला नव्हता. तो खेचरांसकट नदीपलीकडे अडकला होता. बर्फ वितळून नदीला असा पूर आला होता की तीन दिवस उतार मिळाला नाही. तो पोहोचेपर्यंत मतपेटी तालुक्याला गेलीसुद्धा. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, त्याला तर नाहीच. पण प्रत्येक पुरुषाजवळ मतदाराची पुस्तिका असे, आणि मत दिलं की त्या निवडणुकीच्या पानावर सरकारी शिक्का बसे. झीसिसचं मार्चचं पान कोरं राहिलं.

उन्हाळा लागला तसा त्या कोऱ्या पानाला अर्थ चढत गेला. वाटेत राजाच्या बाजूचे बंदूकवाले अडवायचे आणि पुस्तिका मागायचे. पान कोरं म्हणजे माणूस डावा, डावा म्हणजे 'बल्गेरियन', शेजारच्या शत्रूचा हस्तक, आणि बल्गेरियन म्हणजे ज्याला मारलं तर कुणी विचारायला येत नाही तो. जूनमध्ये खालच्या गावचा कुंभार ओढ्यात सापडला. पुस्तिका त्याच्या तोंडात कोंबलेली होती.

अशात सार्वमत जाहीर झालं. पाच वर्षं परदेशात असलेला राजा परत यावा की नाही, एक सप्टेंबरला सांगा. गावात राजावरून वाद झाला नाही. वाद घालण्याएवढं धाडस कुणात राहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर राजा कुणी पाहिलाही नव्हता. लोकांना शिक्क्याची पडली होती.

गुरुवारी थोमाई चौकातल्या झऱ्यावर पाणी भरत होती. शेजारी चिनाराखाली कॉफीवाल्याची टेबलं. तिथे आर्गिरिस बसला होता. हा पूर्वी दुसऱ्यांच्या शेळ्या राखायचा. आता त्याच्या खांद्याला सरकारने दिलेली बंदूक होती आणि त्याची कॉफी फुकट झाली होती.

"रविवारी मी शाळेच्या दारात उभा राहणार," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची पुस्तिका बघणार. दोन शिक्के तो ग्रीक. एक शिक्का तो आजारी ग्रीक. एकही नाही तो बल्गेरियन."

"आणि आजाऱ्याचं काय करणार?" कॉफीवाल्याने विचारलं.

"औषध देणार." त्याने बंदुकीच्या दस्त्यावर थाप मारली.

सगळे हसले. न हसणं परवडणारं नव्हतं.

"काय थोमाई वहिनी," तो तिच्याकडे वळला, "आमच्या झीसिसची तब्येत कशी काय?"

"ठणठणीत आहे."

"मार्चात दिसला नाही, म्हणून विचारलं."

"नदीला पूर होता. तुला ठाऊक आहे. तुझंच मीठ होतं खेचरावर."

"असं? म्हणजे नदीपण बल्गेरियन झाली म्हणायची," आर्गिरिस म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

घरी पोहोचेपर्यंत तिची घागर निम्मी सांडली होती. झीसिस अंगणात खेचराचा नाल बघत बसला होता. तिने सगळं सांगितलं.

"तू व्होलोसला जा. तुझ्या बहिणीकडे."

"आणि खेचरं?"

"खेचरं मरू देत."

"पळालो तर जे नाही ते खरं ठरेल, थोमाई. मत राजाला देईन आणि घरी येईन."

"एकच शिक्का होईल."

"होईल तर होईल. मार्च महिना काही मला परत आणता येत नाही."

तो पुन्हा खुराकडे वळला. पण त्या दिवशी त्याने एकच नाल तीन वेळा काढून तीन वेळा ठोकला, हे तिने पाहिलं.

शुक्रवारी ती चाळण मागायच्या निमित्ताने शेजारणीकडे गेली. शेजारणीच्या नवऱ्याची पुस्तिका, आमच्याकडच्या सगळ्या महत्त्वाच्या कागदांसारखी, देव्हाऱ्यात लग्नातल्या मुकुटांशेजारी ठेवलेली. थोमाईने उघडून बघितली. मार्चचा शिक्का जांभळा, गोल, मधे क्रूस, भोवती अक्षरं. ती बघतच राहिली. हा शिक्का तर आपल्या घरात आहे.

हसू नका. अक्षर न ओळखणाऱ्या डोळ्याला गोल तो गोल आणि क्रूस तो क्रूस. ग्रीसच्या ढालीवर क्रूस आहेच. आणि राजा व ख्रिस्त एकाच क्रुसाखाली उभे आहेत, हे आमचे पाद्री दर रविवारी ओरडून सांगत. तिला वाटलं, सरकारने हा शिक्का देवळाकडूनच घेतला असणार. दुसरीकडे कुठून घेईल?

शनिवारी दुपारी, गाव झोपलेलं असताना, तिने दाराला अडसर घातला. रविवारचा पाव करायची पाळी वरच्या आळीची, म्हणजे तिचीच होती. अमेरिकन मदतीत आलेलं पांढरं पीठ तिने त्यासाठी जपून ठेवलं होतं, आणि मळलेली कणीक परातीत फुगत होती. घरात खायला मात्र मक्याची भाकरी. तिने कुंपणावरच्या काटेरी झुडपांची काळी फळं कुस्करली, रस फडक्यातून गाळला. पातळ वाटला म्हणून चिमूटभर काजळी घातली. शिक्क्याचं लहान तोंड त्यात बुडवून आधी साखरेच्या पुड्याच्या कागदावर उठवून पाहिलं. मग मेरीमातेच्या तसबिरीमागून झीसिसची पुस्तिका काढली. शेजारणीकडे ज्या पानावर शिक्का होता, तेच पान बोटाने मोजून काढलं, आणि दाबला.

तिने मला सांगितलं की त्या क्षणी तिला वाटलं, आता छप्पर पडेल. देवाचा शिक्का खोट्यासाठी वापरला, याचं एक भय. खोटा सरकारी शिक्का मारला, याचं दुसरं. आणि दोन्हींपैकी मोठं कुठलं ते ठरवता येईना. छप्पर पडलं नाही. बाहेर कोंबडी ओरडली एवढंच. तिने शिक्का शिरक्याने धुतला, पुन्हा धुतला, आणि मोठं तोंड पिठात बुडवून पावावर दाबलं. तेव्हा लक्ष सगळं दाराकडे होतं, आणि क्रूस तिरका उठला.

झीसिसला तिने सांगितलं नाही. जे माहीतच नाही ते माणूस मार खाऊनही कबूल करू शकत नाही, हा तिचा हिशेब.

रविवारी सकाळी प्रार्थना झाली. पुरुष थेट शाळेकडे निघाले. बायकांना मत नव्हतं. त्या देवळाच्या अंगणात पावाचे तुकडे खात उभ्या राहिल्या. झीसिसने पुस्तिका न उघडताच कमरेच्या पट्ट्यात खोचली होती. थोमाई पाद्रीणबाईंजवळ उभी होती. त्या पाद्रीबाबांच्या पत्नी, शिकलेल्या, चार वर्तमानपत्रं वाचणाऱ्या, आणि तोंडाने फटकळ.

"आज क्रूस वाकडा गं थोमाई. झोपेत दाबलास की काय?"

"हात दुखतो." मग न राहवून तिने विचारलंच, "पाद्रीणबाई, सरकारी शिक्क्यावर काय लिहिलेलं असतं हो?"

"काय असणार? ग्रीसचं राज्य. खालच्या कचेरीचं नाव. वर मुकुट."

"येशू ख्रिस्त जिंकतो, असं नसतं?"

पाद्रीणबाई खदखदून हसल्या. "सरकारात? अगं, ख्रिस्ताला अजून कारकुनाचीसुद्धा नोकरी मिळाली नाही तिथं."

हातातला तुकडा आपण गिळला की टाकला हे थोमाईला कधी आठवलं नाही. ती निघाली. पळाली तर लोक बघतील, म्हणून पळताही येईना. शाळा दोनशे पावलांवर. तिला वाटलं, आपण नदीतून चालतोय.

दारात आर्गिरिस बंदूक घेऊन उभा. तिने त्याला टाळून मागचा रस्ता धरला आणि तुतीच्या झाडाआडून खिडकीपाशी गेली. झीसिस आतच होता, टेबलासमोर, टोपी हातात. टेबलामागे मतदान चालवायला शहरातून पाठवलेला वकील, चष्मेवाला तरुण, घामाने कॉलर भिजलेली. त्याच्या शेजारी खाकी शिपाई. कागद दोन प्रकारचे असतात म्हणे. राजाचे टेबलावर पसरलेले होते, दुसरे शिपायाच्या कोपराखाली.

वकिलाने पुस्तिका उघडली, पान उलटलं आणि थांबला. चष्मा वर केला. पुस्तिका उजेडाकडे धरली. मग झीसिसकडे बघितलं. झीसिस आपला उभा, खेचर नाल ठोकायला उभं राहतं तसा. वकिलाने शिपायाकडे डोळे वळवले. शिपाई माशी मारत होता. मग वकिलाची नजर खिडकीकडे आली आणि थोमाईवर थांबली. ती म्हणायची, किती वेळ थांबली ते देवाला ठाऊक. तिने हात जोडले नाहीत, मान हलवली नाही. फक्त बघत राहिली.

वकिलाने टाक शाईत बुडवला. तिने मारलेल्या शिक्क्याखाली एक ओळ लिहिली, एकच, आणि सही केली. मग पुढच्या पानावर खरा शिक्का मारला आणि झीसिसला राजाचा कागद दिला.

बाहेर आर्गिरिसने हात पुढे केला. "दाखव."

झीसिसने पुस्तिका दिली. आर्गिरिसने ती उलटी धरली, हे थोमाईने कोपऱ्यावरून पाहिलं. त्याने पान उलटलं. एक जांभळा गोल. पुन्हा उलटलं. दुसरा जांभळा गोल.

"दोन," तो म्हणाला. त्याला पटेना. "तू मार्चात नदीपलीकडे होतास ना?"

झीसिसने अजून ते पान पाहिलंच नव्हतं.

"आणि हे खाली काय खरडलंय?"

"वकीलसाहेबांनी लिहिलंय," झीसिस म्हणाला. "तूच वाच."

मागे रांगेत वीसेक माणसं होती. सगळ्यांचे डोळे आर्गिरिसवर. त्याने पुस्तिका डोळ्यांजवळ नेली, ओठ हलवले, कपाळाला आठ्या घातल्या. जो बंदुकीने गाव हलवत होता त्याला अक्षर येत नाही, हे गावासमोर कसं म्हणायचं? थोड्या वेळाने त्याने पुस्तिका मिटली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जा."

घरी आल्यावर थोमाईने दार लावलं आणि सगळं सांगितलं. झीसिसने पान उघडून पाहिलं. दर रविवारी पावावर पाहिलेला तो क्रूस त्याने लगेच ओळखला.

"येशू ख्रिस्त जिंकतो?"

"हो."

तो हसायला लागला. लग्नानंतर तो असा हसलेला तिने पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग मधेच थांबला.

"आणि खाली त्याने काय लिहिलंय?"

तिला वाचता येत नव्हतं, त्याला येत नव्हतं. पाद्रीबाबांना विचारावं तर ते हवालदाराबरोबर जेवायला बसायचे. पाद्रीणबाई सकाळी हसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांना दोन आणि दोन चार कळले असते. गावात वाचता येणारे बाकीचे कोण कुणाचे, हे त्या साली कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. 'खोटा शिक्का, याला पकडा' असं लिहिलेलं असलं, तर दाखवणं म्हणजे आपणच आपल्या पायाने जाणं. पुस्तिका जाळावी, तर पुस्तिका नसलेला माणूस कोऱ्या पानाच्या माणसाहून वाईट. ती पुन्हा तसबिरीमागे गेली.

राजा महिनाभरात परत आला. घंटा वाजल्या, आर्गिरिसने हवेत गोळ्या झाडल्या. झीसिस मात्र प्रत्येक खेपेला ती ओळ पट्ट्यात खोचून खाली जाऊ लागला आणि परत येऊन दर वेळी नवं कोडं सांगू लागला. पुलावरच्या एका शिपायाने ओळ वाचली आणि काही न बोलता जाऊ दिलं. दुसऱ्याने वाचून त्याला कानफटात मारली आणि मग जाऊ दिलं. एका म्हाताऱ्या हवालदाराने वाचून स्वतःवर क्रुसाची खूण केली. नोव्हेंबरात एकाने वाचून झीसिसचं नाव आपल्या वहीत उतरवून घेतलं. का, ते त्याने सांगितलं नाही.

त्या रात्रीपासून थोमाई जेवेना. कुत्रं भुंकलं की ती तसबिरीसमोर जाऊन उभी राहायची, जणू ती आडवी आली तर पुस्तिका कुणाला दिसणार नाही. शेवटी तीच त्याला म्हणाली, "पुलावरून जाऊ नकोस. वरच्या कड्याच्या वाटेने जा. तिथे कुणी विचारत नाही."

"बर्फ आहे तिथं."

"बर्फाला वाचता येत नाही."

तो गेला. एकदा गेला, दोनदा गेला. जानेवारीत तिसऱ्यांदा गेला, तेव्हा पुढचं खेचर घसरलं आणि दोरीसकट त्यालाही घेऊन गेलं. दोन खेचरं आपली आपण घरी आली. त्याला चार दिवसांनी वर काढलं, तेव्हा पट्ट्यात पुस्तिका होती, ओली, पण शाई धरून. ओळ फुटली होती, पुसली नव्हती. थोमाईने ती भट्टीच्या उबेला सुकवली. एप्रिलमध्ये राजाही वारला. पुन्हा घंटा वाजल्या. त्या दिवशी तिने मागावरून मान वर केली नाही, असं आई सांगायची.

त्यानंतर ती बावीस वर्षं जगली. देवाचे पाव तिने पुन्हा केले नाहीत. शिक्का शेजारणीला देऊन टाकला.

आणि आता तुझ्याशीच बोलते, मावशी, कारण पुढचं तुझं-माझं आहे. अडुसष्ट सालच्या डिसेंबरात मी सुट्टीहून परत निघाले होते. सत्ता बळकावलेल्या लष्करी कर्नलांचं राज्य होतं. मी सरकारी शाळेत नवी शिक्षिका, आणि माझ्या राष्ट्रनिष्ठेचा दाखला पोलिसांच्या टेबलावर अजून सहीविना पडलेला. तू चौकात, बसच्या दारापर्यंत आलीस. त्या सुट्टीपर्यंत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी चुलीपाशी बसून तू पहिल्यांदा सगळं सांगितलंस. पुस्तिका मात्र तेव्हा दाखवली नाहीस; ती बसपाशी ॲप्रनखालून काढलीस.

"एकच ओळ आहे गं," तू म्हणालीस. "त्याला अडकवणारी होती की सोडवणारी, एवढं सांग. पुलावरून जाऊ दिला असता तर चाललं असतं का, एवढंच."

तू हळू बोलत होतीस, पण आसपास माणसं होती, आणि बसमध्ये पुढच्या बाकावर एक शिपाई बसला होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"चष्मा शाळेत राहिला, मावशी," मी म्हणाले. "ईस्टरला येईन तेव्हा वाचते."

तू मान डोलावलीस आणि पुस्तिका परत आत ठेवलीस. ईस्टरच्या तीन आठवडे आधी तू गेलीस. आईने पुस्तिका शवपेटीत तुझ्या उशाखाली ठेवली, तुझी तशी इच्छा होती म्हणून; तिलाही वाचता येत नव्हतं. त्या दिवशी बसपाशी चष्मा माझ्या पिशवीतच होता. ती ओळ वाचायची राहिली.